रुमालाखालचा सौदा

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरामागं ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे गावाची स्मशानभूमी. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या ओढ्यावर धुणं धुतलं, दिवेलागणीला तिकडूनच म्हशी हाकत आणल्या... कधी काही दिसलं नाही. गल्लीतल्या बायका मुंजा दिसला, हडळ दिसली असं सांगायला लागल्या की मी म्हणायची, अगं मला पण एकदा दाखवा, चहा पाजते त्याला. त्यामुळे आज मीच असलं काही लिहायला बसलेय, ह्याचं मलाच हसू येतंय.

मनीषानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला या ग्रुपवर घातलं. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी वाचते. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण वाणसामानाच्या पुड्यांवर. पुडी सोडली की कागद सरळ करायचा आणि वाचायचा — अर्धी बातमी, अर्धी गोष्ट. शेवट बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी डाळीबरोबर गेलेला असायचा.

आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडे, जामखेड तालुक्यात. नाव लिहीत नाही. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं पत्र्याची पडवी, कडेला गोठा. आमचे मालक जनावरांच्या बाजारात हेडी होते. हेडी म्हणजे बैल-म्हशींचे सौदे जमवणारा माणूस. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

आता या धंद्याची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला नुसता रुमाल हलताना दिसतो. जमलं की हातावर जोरात टाळी. टाळी पडली की सौदा पक्का, मग माघार नाही. आणि गंमत अशी की एक म्हणजे एक हजार का दहा हजार, हे कुणी सांगत नाही. समोर उभ्या जनावराकडे बघून ते दोघांनी समजून घ्यायचं. विचारलं तो नवशिका. मी एकदा विचारलं होतं तर हे म्हणाले, "म्हशीकडं बघावं, माझ्याकडं कशाला बघायचं."

ह्यांचा रुमाल पांढरा, लाल काठाचा, चांगला टॉवेलएवढा. कायम खांद्यावर. लांबून माणूस दिसायच्या आधी लाल काठ दिसायचा.

आणि हाच धंदा त्यांनी घरात पण चालवला. नवीन लग्न झालेलं, घरात सासूबाई, थोरल्या जाऊबाई. नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायची सोय नव्हती. मला माहेरी जायचं असलं की हे पडवीत यायचे, पिशवी घ्यायच्या निमित्तानं माझा हात धरायचे, वरून रुमाल. दोन बोटं दाबायचे — दोन दिवस राहा. मी पंजा दाबायची — पाच. ते तीन म्हणायचे, मी चार. कधी फारच लाडात आले तर माझी बोटं एकदम मुठीत आवळून धरायचे. ते आमचं आमचं होतं, बाजारात तसलं काही नाही. त्याचा अर्थ, जाऊच नकोस. मग मी दारातून "येते मी" म्हणायची, तेव्हा कुठं मूठ सैल व्हायची. आकडा जमला की फाडकन टाळी. सासूबाई आतून विचारायच्या, "कसला सौदा झाला रे?" हे म्हणायचे, "वासरू लई ओढ घेतंय, आई."

आणखी एक त्यांचं तत्त्व होतं. कुणाला "जा" म्हणायचं नाही. सौदा मोडला तरी गिऱ्हाइकाला "या" म्हणून उठवायचं. जा म्हटलं की माणूस कायमचा जातो म्हणायचे. आमच्या घरात मांजराला सुद्धा कुणी जा म्हटलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चहा घेतला, "आलोच" म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. तिथं दावणीपाशी खाली बसले. बसले ते बसलेच.

बाराव्याला छत्री आणि वहाणा दान दिल्या. पुढच्या वाटेला ऊन लागू नये, पाय पोळू नयेत म्हणून देतात. बाकीचं सगळं तसंच राहिलं. शर्ट, धोतरं, स्वेटर, टोप्या, घोंगडी, आणि खुंटीवर तो रुमाल. वर्ष होत आलं तरी मी कशाला हात लावला नाही. जाऊबाई शेजारीच राहतात, त्यांना मी आक्का म्हणते. त्या रोज टोचायच्या, गेलेल्या माणसाचं इतके दिवस ठेवू नये, देऊन टाक. मी उद्या देते म्हणायची.

त्यात मनीषाचं बाळंतपण आलं. लग्नाला किती तरी वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिला दिवस राहिलेले. ती असते नगरला — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात नगरच येतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण डॉक्टरांनी तिला गाडीत बसायची सुद्धा बंदी केलेली. मग असं ठरलं की माहेरानंच उठून तिच्याकडे जायचं. जावयांना आई नाही. पोरीजवळ हक्काचं बाईमाणूस म्हणजे मीच. आणि गेल्यावर परत यायचं नाही, घर बंदच करायचं, असंही मनीषा म्हणाली. आई, तिथं एकटी राहून आता काय करणार आहेस... खरंच होतं तिचं. मी गावात सगळ्यांना सांगून टाकलं, मी जाते आता पोरीकडं. ह्यांच्या फोटोला पण तसंच सांगितलं. अहो, मी जाते आता.

दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. एक टेम्पो आमच्या दारापुढंच भरत होता. थंडीत उघड्यावर राहणारी माणसं, त्यांच्याइतकी गरज कुणाला असणार. मी सगळ्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, वरून तो रुमाल आवळला आणि टेम्पोतल्या एका बाईच्या हातात दिलं. टेम्पो हलला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या बरं का."

आक्का शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "इंदू, मेलेल्याच्या कपड्यांस्नी या म्हनतात का कुठं? आता बघ येत्यात का न्हाई ते." मी हसले. मी कसली हसतेय, रडतच होते खरं तर.

दुसऱ्या दिवशी गावातला एक गडी मोटारसायकल थांबवून पडवीत आला. हातात रुमाल. जामखेड रोडला बाभळीला लटकत होता म्हणाला. गाठोड्यावरून सुटून उडाला असणार. लाल काठ बघितला आणि वळखलं म्हणे, आबाचा हाय. मी म्हटलं बरं झालं आणलास, आणि परत खुंटीवर ठेवला. यात काही विशेष नाही, वारा असतो, गाठ सैल असते.

मग जामखेडची बोहारीण आली. जुने कपडे घेते, भांडी देते. तिला मी माझी दोन लुगडी आणि तो रुमाल दिला, एक पातेलं घेतलं. या वेळेस तोंड गच्च मिटून उभी राहिले. ती गेली तरी काही बोलले नाही. पण बाजाराच्या दिवशी ती परत आली. लुगडी खपली, रुमाल परत आणलेला. एवढ्याशा रुमालासाठी कोण उन्हातान्हात परत येतं? मी विचारलं, विटला का, फाटला का. ती नुसता पडवीत ठेवून लांब सरकली.

"चांगला हाय वो," ती म्हणाली. "पन ताई, ह्याच्यात हात आडकतो."

मला वाटलं दोरा-बिरा निघाला असेल. उलटून पालटून बघितला. कुठं दोरा नाही, भोक नाही. पातेलं तिनं मागितलं नाही, मीही दिलं नाही. त्याच्यात मी आज पण दूध तापवते.

आता खरं सुरू होतं ते इथून.

मी बॅग भरली, कुलूप लावलं, किल्ली आक्कांकडे दिली आणि स्टँडवर गेले. एसटी लागली. पायरीवर पाय ठेवला आणि मागून कुणीतरी माझा उजवा हात धरला. ओढला नाही हं. नुसता धरला. बोटं मुठीत. मागं बघितलं तर एक कांद्याची गोणी आणि तिच्यावर बसलेलं एक म्हातारं, ते पण दुसरीकडे बघत. मी पाय वर टाकायला बघते तर हात येत नाही. मागची माणसं ढकलायला लागली. कंडक्टर म्हणाला, "आजी, येता का राहता?" मी खाली उतरले. उतरल्याबरोबर हात मोकळा.

घरी आले. आक्कांनी काही न विचारता किल्ली दिली. पुढच्या खेपेला पण तसंच. त्याच पायरीवर, त्याच हाताला. तिसऱ्यांदा मी स्टँडपर्यंत गेलेच नाही. पडवीची पायरी उतरले आणि मला कळलं, आज पण येणार नाही हा हात.

मनीषाला काय सांगणार? गुडघे दुखतात म्हणाले. थंडी वाजते म्हणाले. म्हैस विकायची राहिलीय म्हणाले — म्हैस कधीच विकली होती आणि ते तिला माहीत होतं. ती म्हणाली, "आई, तुला यायचंच नाही का?"

मी फोन ठेवला आणि खाटेवर बसून राहिले. दार उघडं, खिडक्या उघड्या, कुणी कोंडलेलं नाही, आणि मी आत. चूल पेटवायची, खायचं, परत बसायचं. समोर खुंटीवर रुमाल. काढून फेकून द्यावा म्हटलं तर हात लावायची छाती होईना. जाळावा असं आक्का म्हणाल्या, तर ते मला ऐकवेना सुद्धा. लोक म्हणायचे, आबाच्या मागं हिला घर सोडवत नाही. कौतुकानं म्हणायचे. मला वाटायचं, ओरडून सांगावं की मला सोडायचंय, मला सोडत नाहीत.

एक दिवस सकाळी जावयांचा फोन. मनीषाचं बीपी वाढलं, तिला ॲडमिट केलंय, दुपारपर्यंत ऑपरेशन करून बाळ काढायचं म्हणतात. ती सारखं आई कुठंय विचारतेय.

मी गावातली एक जीप ठरवली. ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवत उभा. डाव्या हातात पिशवी घेतली, उजव्या हातात कुलूप. निघताना काय मनात आलं कोण जाणे... रुमाल बरोबर घ्यावा म्हटलं. राहू दे पोरीच्या बापाचं काहीतरी तिथं. कुलूप खाटेवर ठेवलं आणि खुंटीवरचा रुमाल ओढला. तो घसरला आणि माझ्या हातावर पसरून पडला. आणि खालून हात धरला.

हे मी कसं लिहू मला कळत नाही. हात होता. तळवा खरखरीत, दाव्यांनी घट्टे पडलेला. अंगठ्याचं नख जाड. सगळं आयुष्य धरलेला हात मला ओळखू येणार नाही का? माझी बोटं एकदम मुठीत आवळली होती. जाऊच नकोस.

मी म्हटलं, अहो सोडा. मनी वाट बघतीय. मूठ अजून घट्ट झाली. बाहेर हॉर्न. मी ओढून बघितलं, खांद्यापासून जोर लावला. दुखत नव्हतं, पण सुटत पण नव्हतं. मला रडू आलं. म्हटलं पोर तुमची पण आहे ना... कशाला अडवता? काही नाही. रुमाल स्थिर. खालून एकसारखी ऊब.

हॉर्न ऐकून आक्का आल्या. दारातच थबकल्या. मी खोलीच्या मधोमध उभी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातावर रुमाल, डोळ्याला धार. त्यांना सगळं सांगावं लागलं नाही. त्यांनी पण या घरात आमचे रुमालाखालचे सौदे बघितलेले.

हळूच म्हणाल्या, "तू त्याला या म्हनलीस ना? आता जा म्हन. एकदाच म्हन आन मोकळी हो."

मला पटलं. खरंच पटलं. पोर तिकडं टेबलावर, एक शब्द तर म्हणायचा. मी तोंड उघडलं. पण त्या माणसानं जन्मात कुणाला जो शब्द वापरला नाही, तो त्यालाच कसा म्हणू? ओठापर्यंत आला आणि तिथंच बसला. आक्का म्हणतायत, म्हन गं, म्हन. ड्रायव्हर हाका मारतोय. आणि मला एकदम आठवलं, इतके दिवस मी सगळ्यांना काय सांगत सुटले होते. मी जाते. फोटोला पण, मी जाते. या दारातून मी कधी असं म्हणून गेलेच नव्हते.

मी म्हटलं, "येते मी."

मूठ सैल झाली. अगदी तशीच, पूर्वीसारखी. मला वाटलं सुटलं. पण हात गेला नाही. त्यानं माझी बोटं चाचपली, सावकाश, आणि त्यातलं एक धरलं. एकच. दाबलं.

एक.

मला कुठं घासाघीस करायला वेळ होता? मी म्हटलं, बरं. एक तर एक.

फाडकन टाळी पडली. माझ्या तळव्यावर. रुमाल उडून खाली पडला आणि हात मोकळा. खाली काही नाही, फरशी.

आक्का भिंतीला टेकल्या होत्या. म्हणाल्या, "इंदू, टाळी कुनी वाजवली?"

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. माझ्या दुसऱ्या हातात पिशवी होती, तशीच.

रुमाल उचलून घडी केली आणि खुंटीवर ठेवला. बरोबर न्यायचा विचार आपोआप गेला. कुलूप लावलं, किल्ली आक्कांकडे दिली, जीपमध्ये बसले, कुणी अडवलं नाही. वाटेत तळवा नुसता झिणझिणत होता. मी पोचले तेव्हा मनीषाला आत नेतच होते. तिनं माझा हात धरला, म्हणाली, "आलीस." एवढंच. नात झाली. दोघी सुखरूप आहेत. नातीचा आवाज असा खणखणीत की बापाला फोनवर बोलता येत नाही.

इथल्या डॉक्टरांना मी हाताचं दाखवलं. मानेतली नस दबली की असं होतं म्हणाले, बोटं आखडतात, कुणी धरल्यासारखं वाटतं. गोळ्या दिल्या. जावई म्हणतात टेन्शन होतं. असेल. मी दोघांचं ऐकते, गोळ्या घेते. पण नस दबून टाळी वाजते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. आणि आक्का अजून फोनवर तेच सांगतात, मी माझ्या कानानं ऐकलीय. म्हणतात, घर उघडून झाडून घेते, रुमाल जाग्यावर हाय, तू बाळंतिणीकडं बघ.

माझी अडचण वेगळीच आहे. पहिल्यापासून माझं लक्ष होतं सुटण्याकडं, म्हणून एक म्हणजे कसलं एक, हे तेव्हा सुचलंच नाही. माहेरी जायच्या वेळेला बोट म्हणजे दिवस, ते ठरलेलं होतं. म्हणून दवाखान्यात दुसरा दिवस उजाडला तेव्हा मी पोरीच्या कॉटला धरून बसले होते, की आता ओढ लागणार. काही झालं नाही. मग वाटलं, आठवडा असेल. तो गेला. बारसं झालं. महिना असेल म्हणून मी पिशवी पुन्हा भरून दारामागं ठेवली. तो पण गेला. मनीषा म्हणते, आई, घराला गिऱ्हाईक आलंय, देऊन टाकू या का. मी म्हटलं, थांब. ती विचारते, कशासाठी? काय सांगू तिला... टाळी पडलीय बाई, माघार घेता येत नाही.

पिशवी अजून दारामागंच आहे. नात मांडीवर झोपली की मी तिच्याकडे बघते, आणि पिशवीकडे बघते. जायची भीती वाटते म्हणावं तर तशी नाही, आणि नाही म्हणावं तर रोज सकाळी उठल्यावर आधी उजवा हात बघते. वाणसामानाच्या पुडीसारखं झालंय माझं, वाचत तर आले, पण उरलेला कागद कुणाच्या घरी गेलाय माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही उलगडा होत असेल तर सांगा.

हे म्हणायचे, एक म्हणजे एक काय हे विचारायचं नसतं, समोर उभ्या जनावराकडे बघून समजतं. त्या दिवशी समोर मी उभी होते. माझ्याकडे बघून त्यांनी काय धरलं असेल?